"काल तर येत होतं, आज कसं विसरलास?" : मुलांची स्मृती कशी काम करते



शीर्षकातलं वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाच्या तोंडून कधी ना कधी गेलेलं आहे. वर्गात आपण म्हणतो, घरी आई-बाबा म्हणतात. मूल खाली मान घालून उभं राहतं. कसं विसरलो हे त्या बिचाऱ्यालाही माहीत नसतं.

आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे. 'विसरला' हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि तिन्हींवर औषध मात्र एकच देतो, "दहा वेळा लिहून आण." ताप, पोटदुखी आणि खरचटणं या तिन्हींवर एकच गोळी दिली तर कसं चालेल?

आधी एक कबुली देते. डी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या पेपरसाठी मी स्मृतीच्या तीन पायऱ्या तोंडपाठ केल्या होत्या. संकेतन, साठवण, प्रत्यानयन. व्याख्येसह उत्तर लिहिलं, चांगले गुण मिळाले आणि महिनाभरात सगळं डोक्यातून गेलं. स्मृतीचाच धडा मी विसरले! नोकरीला लागल्यावर वर्गातल्या तीन मुलांनी तो मला पुन्हा शिकवला. त्या तिघांच्या आधारानेच आज आपण हा विषय समजून घेऊ. मुलांची नावं मुद्दाम लिहिलेली नाहीत.

तीन पायऱ्या सोप्या भाषेत

शेतातल्या धान्याचं उदाहरण घ्या. रानातलं धान्य घरात आणावं लागतं, ते कणगीत नीट टिकवावं लागतं आणि लागेल तेव्हा बाहेर काढावं लागतं. स्मृतीचंही तसंच आहे.

१) संकेतन : डोळ्यांनी पाहिलेली, कानांनी ऐकलेली गोष्ट मेंदूला साठवता येईल अशा रूपात आत घेणं.
२) साठवण : आत गेलेली गोष्ट टिकून राहणं.
३) प्रत्यानयन : टिकलेली गोष्ट गरजेच्या वेळी बाहेर आणणं, म्हणजेच आठवणं.

मूल जेव्हा "आठवत नाही" म्हणतं, तेव्हा या तीनपैकी कोणती तरी पायरी निसटलेली असते. कोणती, हे शोधणं आपलं काम आहे.

पहिलं मूल : आत गेलंच नव्हतं

चौथीतला एक मुलगा. वही इतकी सुंदर की तपासताना कौतुक वाटायचं. परिसर अभ्यासात जलचक्राचा पाठ झाला. फळ्यावरच्या आठ ओळी त्याने एकही चूक न करता उतरवल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, "बाष्पीभवन म्हणजे काय रे?" तो गप्प. "काल लिहिलंस ना?" "हो मॅडम." "मग?" पुन्हा गप्प. मी रागावले.

मग एके दिवशी मुलं फळ्यावरचं उतरवत असताना मी मुद्दाम मागे जाऊन उभी राहिले. तो काय करत होता? 'बा' पाहिला, लिहिला. मान वर. 'ष्पी' पाहिला, लिहिला. मान वर. 'भ' पाहिला, लिहिला. एका शब्दासाठी चार-पाच वेळा मान वर-खाली. तो अक्षरांचे आकार उतरवत होता. शब्दाच्या अर्थापर्यंत पोहोचायला त्याला फुरसतच मिळत नव्हती.

असं का होतं? पाहिलेलं-ऐकलेलं सगळंच मेंदू ठेवून घेत नाही. ज्याकडे लक्ष दिलं तेवढंच पुढे सरकतं आणि एका छोट्याशा जागेत येतं. तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. ही म्हणजे मनातली पाटी. ती फार लहान असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये म्हटलं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी, दोन कमी किंवा दोन जास्त, लक्षात ठेवू शकतो. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी दाखवलं की मनात घोकायला किंवा गट पाडायला वाव दिला नाही तर हा आकडा चारच्या आसपासच राहतो. आपणही मोबाईल नंबरचे दहा अंक एकेक करून सांगत नाही, पाच-पाचचे दोन तुकडे करतो. पाटी लहान आहे हे आपल्याला न शिकताच कळलेलं असतं.

आणि या पाटीवरचं पुसलंही पटकन जातं. १९५९ मध्ये पीटरसन पती-पत्नींनी लोकांना फक्त तीन व्यंजनं सांगितली आणि लगेच एका संख्येतून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं, म्हणजे मनात घोकता येऊ नये. अठरा सेकंदांनी ती तीन अक्षरं बरोबर सांगण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास उरलं. तीन अक्षरं आणि अठरा सेकंद! आपण मात्र एका दमात पाच सूचना देतो. "वही काढा, पान बत्तीस उघडा, तारीख टाका, समास आखा आणि दुसरा प्रश्न लिहा." मग तिसऱ्या सूचनेला मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावलं की म्हणतो, लक्ष नाही.

आत जाण्यासाठी दुसरी गोष्ट लागते ती अर्थाची. क्रेक आणि टल्विंग या कॅनडातल्या संशोधकांनी १९७५ मध्ये लोकांना शब्द दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले. काही शब्दांबाबत विचारलं, हा मोठ्या लिपीत आहे का? काहींबाबत, याचं अमुक शब्दाशी यमक जुळतं का? आणि काहींबाबत, हा या वाक्यात अर्थाने बसतो का? नंतर अचानक स्मृतीची चाचणी घेतली. ज्या शब्दांच्या अर्थाचा विचार करावा लागला होता ते सर्वांत जास्त लक्षात राहिले. नुसता आकार पाहिलेले सर्वांत कमी. आमच्या सुंदर वहीवाल्याचं नेमकं तेच झालं होतं.

मग मी काय केलं? 'पाहा, झाका, लिहा' हा नियम केला. ओळीतले दोन-तीन शब्द वाचायचे, फळ्याकडे न बघता मनात म्हणायचे, मग लिहायचे. लिहून झालं की वही मिटून शेजाऱ्याला आपल्या शब्दांत सांगायचं. आणि बाष्पीभवनासाठी मी घरून पातेलं आणलं नाही, प्रश्न आणला. "आई भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलते तेव्हा झाकणाच्या आतून काय गळतं? ते पाणी तिथे कुणी नेलं?" या प्रश्नावर वर्ग दहा मिनिटं बोलत होता. तोही बोलला. बाष्पीभवन हा शब्द त्याला आता पातेल्यासकट आठवतो.

दुसरं मूल : विसरलं, पण सगळं नाही

हा मुलगा तिसरीतला. आई-वडील ऊसतोडीला जाणारे, एक कोयता. दिवाळी झाली की ट्रकमध्ये संसार भरायचा आणि कारखान्याच्या भागात जायचं. हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे काही मुलं मागे राहतात, पण याला मागे ठेवायला घरी कुणी नव्हतं. होळी उरकल्यावर तो परत आला. जाण्याआधी दुसरीचं पुस्तक थांबत-थांबत का होईना वाचायचा. आल्यावर साध्या मात्रेलाही अडखळू लागला. वडील म्हणाले, "मॅडम, समदं इसरलंय बघा. ह्याच्या डोक्यात काय राहतच नाही." पोरगं शेजारीच उभं होतं, सगळं ऐकत होतं.

मी तेव्हा एक चूक केली. आमची शाळा दोनशिक्षकी, वर्ग एकत्रच बसतात. मी त्याला सरळ पहिलीच्या रांगेत बसवलं आणि नोंदवहीत लिहिलं, 'सुरुवातीपासून.' दोन दिवसांत तो बोलायचा बंद झाला. त्याच्या धाकट्या चुलत बहिणीशेजारी बसून तो 'अ आ इ ई' गिरवत होता.

इथे साठवणीबद्दल थोडं समजून घेऊ.

अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचे गृहस्थ होते. त्यांना लहानपणापासून फिट यायच्या. १९५३ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. त्यात दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा हिस्सा काढला गेला. फिट कमी झाल्या, पण नवी घटना लक्षात राहणं जवळजवळ थांबलं. बालपणीच्या आठवणी शिल्लक होत्या, मात्र त्यांना अनेक वर्षं तपासणाऱ्या ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ त्यांना दर भेटीत नव्याच वाटायच्या. यावरून शास्त्रज्ञांना कळलं की नवी आठवण घडवायला हिप्पोकॅम्पस लागतो, पण जुन्या आठवणी कायमच्या फक्त तिथेच राहत नाहीत. त्या हळूहळू मेंदूच्या इतर भागांत पक्क्या होत जातात. हे पक्कं होणं एका दिवसात उरकत नाही आणि त्यातला मोठा वाटा झोपेत पार पडतो.

आणखी एक गंमत. मिलनर यांनी मोलेसन यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. रोज सरावाने त्यांचा हात सुधारत गेला, पण आपण हे आधी केलं आहे हे मात्र त्यांना आठवायचं नाही! म्हणजे माहितीची स्मृती वेगळी आणि हाताच्या कौशल्याची वेगळी. म्हणूनच सायकल सुटून वर्षं झाली तरी पाय पॅडल मारतातच.

आता विसरण्याकडे येऊ. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ मध्ये पुस्तकरूपात मांडले. त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ केल्या. त्याची मोजायची पद्धत लक्ष देऊन पाहा. किती आठवतं हे त्याने मोजलं नाही. पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो ते त्याने मोजलं. समजा पहिल्यांदा वीस मिनिटं लागली आणि दुसऱ्यांदा बारा, तर आठ मिनिटं वाचली. म्हणजे चाळीस टक्के बचत.

त्याला मिळालेली बचत अशी : वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के, एका तासानंतर ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के, सहा दिवसांनंतर २५ टक्के आणि एकतीस दिवसांनंतर २१ टक्के.

या आकड्यांतून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, विसरणं सुरुवातीला फार वेगाने होतं, नंतर मंदावतं. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी, पुढच्या उजळण्या लांब-लांब चालतील. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. महिन्याने त्या निरर्थक यादीतलं फारसं काही आठवत नसलं तरी पाचवा हिस्सा मेहनत वाचत होती. म्हणजे आठवत नाही याचा अर्थ पाटी कोरी झाली असा नाही. आणि ही तर निरर्थक अक्षरं. अर्थ कळून शिकलेलं याहून पुष्कळ जास्त टिकतं. त्यामुळे हे टक्के जसेच्या तसे आपल्या मुलांना लावू नका, त्यातला कल तेवढा घ्या.

हे वाचलं आणि मला आमच्या त्या मुलाची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी त्याला पहिलीच्या रांगेतून उठवलं. दुसरीचं पुस्तक दिलं आणि जिथे अडेल तिथे पेन्सिलीने टिंब करत गेले. पहिल्या दिवशी पान टिंबांनी भरलं. चौथ्या दिवशी त्याच पानावर सहा-सात टिंबं. नवव्या दिवशी तो दिवाळीआधी जिथे होता तिथे येऊन पोहोचला. हेच वाचन पहिल्यांदा शिकायला त्याला जून ते दिवाळी लागली होती. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, एका मुलाची माझ्या वहीतली नोंद आहे. पण "ह्याच्या डोक्यात काय राहत नाही" या वाक्याला उत्तर म्हणून मला ती पुरेशी होती. त्याच्या वडिलांना बोलावून मी दोन्ही दिवसांची पानं शेजारी-शेजारी ठेवून दाखवली. त्यांना वाचता येत नाही, टिंबं मोजता येतात.

तिसरं मूल : आत होतं, बाहेर येत नव्हतं

चौथीतली एक मुलगी. सातचा पाढा विचारला की 'सात एके सात'पासून 'सात दाही सत्तर'पर्यंत एका श्वासात. पण मध्येच विचारलं, "सात आठी किती?" की ती वर छताकडे बघायची, ओठ हलवत पहिल्यापासून सुरू करायची आणि धावत-धावत छप्पन्नला पोहोचायची. गुणाकाराच्या उदाहरणात प्रत्येक आकड्याला हा प्रवास. तोपर्यंत हातचा किती हे विसरायची. घरचे म्हणायचे, "पाढे तर घडाघडा म्हणते, मग गणितात का चुकते?"

तिचं संकेतन झालं होतं, साठवणही पक्की होती. अडचण होती बाहेर काढण्याची. आठवायला नेहमी कसला तरी धागा लागतो. तिच्याकडे प्रत्येक ओळीचा धागा म्हणजे आधीची ओळ. 'सात साती एकोणपन्नास' म्हटल्याशिवाय 'सात आठी' हाती लागायचं नाही. घराला दार एकच आणि तेही अगदी टोकाला.

टल्विंग आणि पर्लस्टोन यांनी १९६६ मध्ये विद्यार्थ्यांना शब्दांच्या याद्या दिल्या. शब्द गटांनुसार होते, प्राण्यांचे, फळांचे असे. आठवताना काहींना गटांची नावं दिली, काहींना नुसता कोरा कागद. गटाचं नाव मिळालेल्यांना जास्त शब्द आठवले. नंतर कोऱ्या कागदवाल्यांनाही गटांची नावं दिली, तेव्हा त्यांचेही शब्द वाढले. म्हणजे शब्द डोक्यात होतेच, धाग्याविना सापडत नव्हते. आपलंही असंच होतं. जुन्या विद्यार्थ्याचं नाव अगदी ओठांवर असतं, येत नाही. त्याच्या भावाचं नाव कुणी घेतलं की झटकन येतं.

मग धागे वाढवायचे कसे? काढायचा सराव करून. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतल्या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के येत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

शिक्षकांनो, हा निकाल दोनदा वाचा. पाच मिनिटांनी वाचणाराच हुशार दिसतो. म्हणून मुलांना आणि आपल्यालाही वाटतं की पुन्हा-पुन्हा वाचणं म्हणजेच अभ्यास. पान ओळखीचं वाटू लागतं आणि ओळखीचं म्हणजे येतं असा समज होतो. गावातला माणूस चेहऱ्याने ओळखणं वेगळं आणि त्याचं नाव सांगता येणं वेगळं. परीक्षेत पुस्तक समोर नसतं, तिथे नावच सांगावं लागतं.

इथे कणगीचं उदाहरण उलटं होतं. कणगीतून धान्य काढलं की कमी होतं. आठवण जितक्या वेळा बाहेर काढाल तितकी पक्की होते.

आपल्याकडच्या पाठांतराच्या परंपरेतही नुसतं एका दिशेने म्हणणं नव्हतं. वेदपठणात घनपाठ नावाचा प्रकार आहे. त्यात आधी दोन पदं सरळ, मग ती उलट, मग तिसऱ्या पदासह तिन्ही सरळ, मग तिन्ही उलट आणि पुन्हा सरळ अशी म्हणतात. मूळ हेतू एकही अक्षर बदलू नये हा, पण त्यामुळे प्रत्येक पदाला दोन्ही बाजूंनी वाट तयार होते. आणि आपल्या आजोबा-पणजोबांची पावकी, निमकी, दिडकी आठवा. ती शाळेत ओळीने म्हटली जायची खरी, पण बाजारात वाणी "दीड पट किती?" असं मधूनच विचारायचा. पाढा शाळेत पाठ व्हायचा आणि पक्का दुकानात व्हायचा.

त्या मुलीसाठी मी जुन्या लग्नपत्रिकांच्या चिठ्ठ्या कापल्या. एका बाजूला ७ × ८, मागे ५६. चिठ्ठ्या पिसून रोज दहा. कधी उलटं, "छप्पन्न कुणाकुणाच्या पाढ्यात येतात?" पहिला आठवडा ती कंटाळली, कारण आता ती अडखळत होती आणि घडाघडा म्हणण्याची शाबासकी मिळत नव्हती. तिच्या आईलाही वाटलं की मॅडमनी येणारा पाढा बिघडवला. महिन्याभराने तिच्या ओठांची हालचाल थांबली. सात आठी विचारलं की छप्पन्न, सरळ.

मग ओळखायचं कसं, कुठे अडलं आहे ते?

मी आता या क्रमाने जाते.

१) पाठानंतर पाच-दहा मिनिटांनी मुलाला त्याच्या शब्दांत सांगायला लावा. तेव्हाच सांगता आलं नाही तर गोष्ट आत गेलेली नाही. दहा वेळा लिहून ती आत जाणार नाही. वेगळ्या उदाहरणाने पुन्हा समजवा.

२) तेव्हा आलं पण आठवड्याने येत नसेल तर एक धागा द्या. पहिलं अक्षर, चित्र, "आपण पातेल्याचं बोललो होतो ते" असं काही. धाग्याने आलं तर अडचण बाहेर काढण्याची आहे. वेगवेगळ्या बाजूंनी विचारण्याचा सराव द्या.

३) धाग्यानेही आलं नाही तर थोडं पुन्हा शिकवून बघा. पहिल्यापेक्षा बराच कमी वेळ लागला तर साठवण शिल्लक आहे, उजळणीचं अंतर फार लांबलं इतकंच. तितकाच वेळ लागला तर बहुधा पहिल्यांदाही ते नीट आत गेलं नव्हतं.

वर्गात आणि घरी करण्याजोगं

* तासाची पहिली पाच मिनिटं : पुस्तक मिटून, "काल काय शिकलो? मागच्या आठवड्यात काय?" गुण नकोत. चुकलं तर लगेच बरोबर उत्तर सांगा, नाहीतर चूकच पक्की होते.

* तीन खोकी : लाइटनर नावाच्या पत्रकाराने १९७२ मधल्या पुस्तकात चिठ्ठ्यांच्या पेटीची युक्ती मांडली. ती आपल्याला चपलांच्या खोक्यांत करता येते. पहिलं खोकं रोजचं, दुसरं दोन-तीन दिवसांनी, तिसरं आठवड्याने. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकलं की परत पहिल्या खोक्यात.

* एका वेळी एक-दोनच सूचना : बाकीच्या फळ्यावर लिहा.

* थोडं-थोडं, अंतर ठेवून : रविवारी सलग दोन तास घेण्यापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटं बरी.

* झोप : परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला जागवू नका. दिवसभर शिकलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेत करतो. तीच वेळ आपण काढून घेतो.

* पालकांनी विचारायचा प्रश्न : "अभ्यास झाला का?" याऐवजी "आज शाळेत शिकलेली एक गोष्ट मला समजावून सांग." तुम्हाला तो विषय येत नसला तर अधिकच चांगलं. मुलाला खरोखर समजवावं लागतं.

* राग आवरा : घाबरलेल्या मुलाच्या त्या छोट्या पाटीवर भीतीच लिहिलेली असते. उत्तराला जागा उरत नाही. आपण ओरडतो तेव्हा येणारं उत्तरही अडतं आणि आपल्याला वाटतं, बघा, काहीच येत नाही.

शेवटी थोडंसं

ऊसतोडीला जाणारा तो मुलगा पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा गेला. ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं. या वेळी त्याच्याबरोबर मी चाळीस चिठ्ठ्या दिल्या. एका बाजूला शब्द, मागे त्याचं चित्र. आईला वाचता येत नाही, पण चित्र ओळखता येतं. तिला सांगितलं, संध्याकाळी कोपीवर चूल पेटली की पाच चिठ्ठ्या शब्दाच्या बाजूने समोर धरायच्या. तो वाचेल, तुम्ही मागचं चित्र बघून बरोबर का चूक ते सांगायचं.

होळीनंतर तो आला. पिशवी काळवंडलेली, चिठ्ठ्यांचे कोपरे गोल झालेले. मी मोजल्या, सदतीस भरल्या. "तीन कुठंयत रे?" विचारलं तर म्हणाला, "बैलानं खाल्ल्या मॅडम. पण त्या मला येतात." आणि त्याने तिन्ही शब्द फळ्यावर लिहून दाखवले. त्यातले दोन बरोबर होते.

त्या वर्षी तो आपल्याच वर्गाच्या रांगेत बसला.

तुमच्याही वर्गात, तुमच्याही घरात असं एखादं मूल असेल. उद्या ते "आठवत नाही" म्हणालं तर एकदा थांबा आणि बघा, आत गेलं नाही, टिकलं नाही की बाहेर येत नाही? मग ठरवा काय करायचं ते.